स्त्रीवादाचे वाचन कोठून सुरू करावे: एका प्रश्नाला उत्तर

तुम्ही लिहिता, की घरी मराठी, शाळेत गुजराती आणि आता कचेरीत इंग्रजी अशा तीन भाषांत तुमचे आयुष्य गेले आहे. स्त्रीवाद मुळातून समजून घ्यावा म्हणून तुम्ही सिमोन द बोव्हुआर यांचे ‘द सेकंड सेक्स’ विकत आणले आणि साठाव्या पानापाशी खूण घालून ते कपाटात ठेवून दिले. आणि दिवाळीत दांडिया बाजारातल्या घरी सगळे जेवायला बसलेले असताना काकांनी “हे सगळे विलायती खूळ आहे” असे म्हटल्यावर तुम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. तेव्हा पाच पुस्तकांची नावे आणि ती वाचण्याचा क्रम सांगावा, अशी तुमची अपेक्षा आहे.

वडोदऱ्यात हा विषय शिकवण्यात आणि मराठी वाचकांचे एक छोटे मंडळ चालवण्यात माझी तीस वर्षे गेली. पाच नावे मी तुम्हाला लगेच सांगू शकते, परंतु नुसत्या यादीचा फारसा उपयोग होत नाही असा माझा अनुभव आहे. माझा सल्ला वेगळा आहे: पुस्तके एकेकटी वाचू नका, जोडीने वाचा. एका बाईने लिहिलेले पुस्तक संपले, की जी गोष्ट तिला दिसली नाही किंवा दिसूनही लिहावीशी वाटली नाही, ती जिने लिहिली आहे तिचे पुस्तक लगेच हातात घ्या. सिद्धांत त्यानंतर वाचावा. तेव्हा तो अंगावर येत नाही.

हे मला सुरुवातीला माहीत नव्हते. मंडळाच्या पहिल्या वर्षी मी सैद्धांतिक ग्रंथांतली प्रकरणे झेरॉक्स करून वाटली. पहिल्या बैठकीला अकरा जणी होत्या, तिसऱ्या बैठकीला चार उरल्या, आणि त्यांतल्या दोघी मला वाईट वाटू नये म्हणून आल्या होत्या. चौथ्या बैठकीला एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळ्या मावशी म्हणत असू, पिशवीतून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची पुठ्ठा निघालेली प्रत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आज मी वाचते, तुम्ही ऐका.” लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे इतके वेड होते, की बाहेरून घरात आलेली वस्तू धुऊन घेतल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे, तो सगळा भाग मावशींनी असा रंगवून वाचला, की आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसणे ओसरल्यावर खिडकीपाशी बसलेल्या एका मुलीने विचारले, “पण हे सगळे धुवायला पाणी कोण भरत होते?” मी झेरॉक्सच्या चाळीस पानांत जे समजावू पाहत होते ते तिने एका प्रश्नात विचारले होते. तेव्हापासून नव्या वाचकाला मी एवढेच सांगते, की पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक प्रसंगाच्या समासात दोन गोष्टी टिपा: यातले काम कोणी केले, आणि निर्णय कोणी घेतला.

पहिली जोडी १८८२ सालची. त्या वर्षी ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापला गेला, आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ही आले. ताराबाई बुलढाण्याच्या, पण त्यांच्या निबंधाचे निमित्त आपल्यापासून गाडीने दोन तासांवर असलेल्या सुरतेत घडले होते. १८८१ साली तिथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. या निमित्ताने ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या स्वैराचारावर जी टीका झाली, तिच्या संतापातून हा निबंध लिहिला गेला. स्त्री आणि पुरुष यांत खरे साहसी कोण ते दाखवून देण्यासाठी आपण लिहीत आहोत, असे ताराबाई सांगतात. इथे आजचा वाचक हमखास फसतो. त्या मराठीत ‘साहस’ म्हणजे अविचाराने केलेले दुष्कृत्य, धाडस नव्हे. आमच्या मंडळात एकीने पहिली दहा पाने ताराबाई पुरुषांच्या शौर्याची चर्चा करीत आहेत असे समजून वाचली होती, आणि तिला हे पुस्तक एवढे गाजलेले का आहे ते कळेना.

त्या दहा पानांपलीकडे गेलात, की मग निबंध हातातून सुटत नाही. बायकांवर लादला जाणारा एकेक दुर्गुण ताराबाई उचलतात, पुरुषांच्या तागडीत टाकून दाखवतात आणि विचारतात, की बायको मेल्यावर दुसरी आणायला नवऱ्याला दहा दिवस थांबवत नाही, मग नवरा मेल्यावर बाईचेच केस का उतरवायचे? त्यांची भाषा भांडणाऱ्या शहाण्या बाईची आहे. म्हणी, टोमणे, पुराणातले दाखले, सगळे एका दमात येते. विशेष म्हणजे त्या ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ यांसारख्या त्या काळातल्या कादंबऱ्या-नाटकांचीही झडती घेतात आणि लेखकांनी बायका कशा रंगवल्या आहेत ते बोट ठेवून दाखवतात. या निबंधाची त्या काळी टवाळीच झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे तो विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केला.

याच्या शेजारी ‘स्त्रीधर्मनीती’ ठेवलीत तर तुम्ही कदाचित निराश व्हाल, आणि ती निराशा मला हवी आहे. ज्या रमाबाईंचे नाव आपण बंडखोर म्हणून ऐकलेले असते, त्या इथे स्त्रियांना शिका असे सांगतात खऱ्या, पण पतिनिष्ठा, गृहव्यवस्था, नीती यांची चौकट बहुतांशी तशीच ठेवतात. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघाले, आणि त्यात धर्मग्रंथांची, बालविवाहाची आणि वैधव्याची जी चिरफाड आहे ती वाचून लेखिका तीच का असा प्रश्न पडतो. मते अशी बदलत जातात. पहिल्याच पुस्तकात कोणी पूर्ण ‘स्त्रीवादी’ होऊन येत नाही, हे नव्या वाचकाने लवकर पाहिलेले बरे; नाही तर आपण जुन्या लेखिकांच्या परीक्षा घेत बसतो.

रमाबाईंची दुसरी जोडीदारीण मला फार महत्त्वाची वाटते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. त्या विद्येच्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ म्हटले. आता १९८१ सालचे कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ उघडा आणि त्यातली त्यांच्या संस्कृतची कथा वाचा. महार कुटुंबातली मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते, लोक तिचे कौतुक करतात आणि नोकरीची वेळ आली की तोंड फिरवतात. पुढे आंतरजातीय विवाहाने आडनाव बदलते आणि मग संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळते. ती नोकरी आपल्या विद्येला मिळाली की बदललेल्या आडनावाला, हा प्रश्न त्या कोणाचीही भीड न ठेवता विचारतात. भाषा एकच, लिंग एकच, मध्ये शंभर वर्षे. आणि तरीही एकीला ‘बाई असून’ या शब्दांनी अडवले गेले, तर दुसरीला ‘बाई असून, त्यातही महार असून’ या शब्दांनी. जात आणि लिंगभाव एकमेकांत कसे विणलेले असतात यावर पुष्कळ जड लेखन झालेले आहे. ही दोन पुस्तके आधी वाचलीत तर ते लेखन जड वाटणार नाही.

तिसरी जोडी ‘स्मृतिचित्रे’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. तुम्हाला एकाच जोडीला वेळ असेल तर हीच वाचा. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाने पुरा केला. नवरा न सांगता घर सोडून जातो, १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो, बायको मागे राहते, आप्तांच्या आधाराने काही वर्षे काढते आणि अखेर स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळी त्याच्याकडे जाते. हे सगळे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, विनोदाच्या सुरात सांगतात, आणि म्हणून पुष्कळ वाचक ते ‘गोड पुस्तक’ समजून मिटतात. शिवाशिवीचा विचार त्यांच्या मनातून हळूहळू सुटत जातो, तो भाग दोनदा वाचा. कोणाच्या उपदेशाने हे घडलेले नाही, त्या स्वतःच विचार करीत तिथवर येतात.

बेबीताई फलटणला छोटेसे दुकान चालवीत आणि पुड्या बांधायला आणलेल्या वर्तमानपत्रांच्या रद्दीतून वाचीत. त्यांनी हे लेखन घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. या आत्मचरित्रात ‘मी’ फार थोडा आहे, जवळजवळ सगळीकडे ‘आम्ही’ आहे. महारवाड्यातली उपासमार आणि सवर्णांच्या घरची अवहेलना तर त्यात आहेच, परंतु पळून जाऊ पाहणाऱ्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवणारे सासरही त्या लपवीत नाहीत. आपण ज्यांचे गुलाम होतो त्यांच्यासारखेच आपण घरात कोणाला तरी गुलाम केले, हे आपल्याच समाजाविषयी लिहायला जी छाती लागते तिला मी तरी दुसरे उदाहरण चटकन देऊ शकणार नाही.

आमच्या मंडळात हे पुस्तक वाचले तेव्हा खोड्याच्या प्रसंगाशी एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडे असे काही नव्हते.” त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी मान खाली घालूनच सांगितले, “आमच्याकडे होते.” त्या संध्याकाळी पुढे वाचन झाले नाही. पुढच्या बैठकीला त्या पहिल्या बाई ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा घेऊन आल्या. सोवळ्याच्या वेडाचे ते प्रकरण उघडून त्यांनी विचारले, की आपण सगळ्या यावर इतक्या हसलो होतो. महारवाड्यातून पाहणाऱ्या बाईला या धुण्याचे हसू आले असते का? जोडीने वाचा असे मी म्हणते त्याचा अर्थ हा आहे. दुसरे पुस्तक पहिल्याला खोटे पाडत नाही, पण पहिल्याकडे पुन्हा जायला लावते. (लक्ष्मीबाईंचा विनोद त्या दिवसानंतर मला कमी आवडू लागला असे नाही, मात्र आता तो मी दोन कानांनी ऐकते.)

इथे एक सावधगिरीची सूचना. मराठीत या विषयाची सुरुवात आगरकर आणि कर्वे यांच्यापासून करून देण्याची प्रथा आहे, कारण त्यांचे लेखन सहज मिळते आणि तर्कशुद्ध आहे. आगरकरांचे ‘सुधारक’मधले निबंध आणि र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून एकहाती चालवलेले ‘समाजस्वास्थ्य’ जरूर वाचा, पण नंतर. सुधारक पुरुषांच्या लेखनात स्त्री हा ‘प्रश्न’ असतो. तो सोडवणारा बहुधा दुसरा कोणीतरी असतो. आधी बायकांचे ऐकले, की हा फरक आपोआप कानाला लागतो.

आपण वडोदऱ्यात राहतो, तेव्हा चौथी जोडी घरचीच घ्या. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी सि. मो. मित्र यांच्यासह लिहिलेले भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये निघाले, आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्याच अध्यक्ष होत्या. पुस्तक आज रूक्ष वाटते, चाळलेत तरी चालेल. मात्र ज्या राज्यात ते लिहिले गेले त्याचे कायदे जवळ ठेवा: १९०४ चा बालविवाह प्रतिबंधाचा कायदा, १९०६ चे सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९३१ चा हिंदू घटस्फोटाचा कायदा, जो केंद्रीय हिंदू विवाह कायद्याच्या चोवीस वर्षे आधीचा आहे. आपण बडोदेकर या गोष्टी अभिमानाने सांगतो आणि सांगाव्यातही. पण पेन्सिल हातात असेल तर हेही दिसेल, की १९०६ च्या कायद्यात मुलग्यांना सातव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती आणि मुलींना दहाव्यापर्यंतच. ती दोन वर्षे कुठे गेली? घरकामात आणि लग्नाच्या तयारीत, असे उत्तर बहुतेक घरांतल्या पणज्यांच्या आठवणींतून मिळते.

चिमणाबाईंच्या शेजारी ठेवायचा मजकूर जेमतेम काही पानांचा आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय होत असेल, हे ती स्वतःच्या अनुभवावरून ओळखा असे म्हणते. आणि आमचा धर्म कोणता ते देवालाच विचारते. राजवाड्यातून खाली येणारी सुधारणा आणि शाळेच्या बाकावरून वर जाणारा सवाल, दोन्ही एका बैठकीत वाचा.

कथा-कादंबऱ्यांविषयी थोडक्यात. विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ मध्ये आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातले बोल वाचून इतका गदारोळ झाला, की मालतीबाई बेडेकरांनी टोपणनाव का घेतले ते वेगळे सांगावे लागत नाही. गौरी देशपांडे यांच्या दीर्घकथा त्यानंतर घ्या. तुम्हाला गुजराती येते हे तर भाग्यच: कुंदनिका कापडिया यांची ‘सात पगलां आकाशमां’ मुळातून वाचा. तिच्यातला उपदेश मला जरा जास्त वाटतो, तरीही वसुधाच्या संसारातले बारीक बारीक अपमान तिथे जसे टिपले आहेत तसे मराठीतही क्वचितच सापडतात. सुरतेच्या हिमांशी शेलत यांच्या कथा कलेच्या दृष्टीने अधिक सरस आहेत. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) आत्मकथन असले तरी मी ते इथेच सांगते, कारण आईच्या हातातली बांबूची वीण आणि आपले लिहिणे यांचे नाते त्यांनी एखाद्या कथालेखिकेच्या नजरेने जोडले आहे.

आता सिद्धांताकडे. निवेदिता मेनन यांचे ‘सीइंग लाइक अ फेमिनिस्ट’ (२०१२) इंग्रजीत असले तरी सरळ आहे आणि त्यातली उदाहरणे आपल्या न्यायालयांतली, आपल्या घरांतली आहेत. त्यानंतर शर्मिला रेगे यांचे ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ (२००६). दलित स्त्रियांची आत्मकथने ही एकट्या व्यक्तीची कहाणी म्हणून न वाचता साक्ष म्हणून कशी वाचावीत ते त्या दाखवतात, आणि बेबीताई तुम्ही आधीच वाचलेल्या असल्याने त्यांच्याशी तुम्ही वादही घालू शकाल. मराठीतूनच हवे असेल तर विद्युत भागवत यांचे लेखन आहे. ‘स्त्री’ आणि १९८९ पासूनचे ‘मिळून साऱ्याजणी’ यांचे जुने अंक कुठे बांधून ठेवलेले दिसले तर सोडू नका. चळवळीतली भांडणे पुस्तकांपेक्षा तिथे जास्त खरी दिसतात.

आणि कपाटातले ते ‘द सेकंड सेक्स’. तुम्ही अडलात यात तुमचा दोष नाही. सिमोन द बोव्हुआर यांनी १९४९ मध्ये ते दोन खंडांत लिहिले, आणि पहिल्या खंडाच्या आरंभी जीवशास्त्र, मनोविश्लेषण आणि इतिहासविषयक भौतिकवाद यांच्याशी सविस्तर वाद आहे, जो त्या मतांची ओळख असलेल्या वाचकासाठी लिहिलेला आहे. तुम्ही ते बाजूला ठेवून सरळ दुसऱ्या खंडाच्या बालपणाच्या प्रकरणापासून सुरुवात करा. स्त्री जन्माला येत नाही, ती घडवली जाते, हे त्यांचे सुप्रसिद्ध विधान तिथेच येते. वाक्ये लांबलचक वाटली तर करुणा गोखले यांचा मराठी अनुवाद शेजारी ठेवा. पहिला खंड सहा महिन्यांनी उघडलात तरी काही बिघडत नाही.

पुस्तके कोठे मिळतील? मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीत मराठीची कपाटे आहेत, आणि काचेच्या जमिनीचे ते लोखंडी मजले पाहायला म्हणून तरी एकदा जाच. विद्यापीठात हंसा मेहता ग्रंथालय आहे. ज्यांच्या नावाने ते आहे त्या बाईंनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातल्या ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाच्या शब्दांना हरकत घेतली आणि त्या जागी ‘सर्व माणसे’ अशा अर्थाचे शब्द आले. १९४८ सालची ती गोष्ट आहे, आणि पुढच्याच वर्षी त्या आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

राहिले काका. त्यांना चिमणाबाईंचे नाव सांगून गप्प करता येईल, पण गप्प केल्याने काही साधत नाही. त्यापेक्षा ‘स्त्री-पुरुष तुलना’ मोठ्याने वाचायला एका रविवारची दुपार पुरते, तेव्हा चहाच्या वेळी त्यांच्यासमोरच वाचायला बसा. जुन्या मराठीतले कितीतरी शब्द तुम्हाला अडतील. गुजराती शाळेत शिकल्यामुळे जरा जास्तच अडतील. अडलेला प्रत्येक शब्द त्यांना विचारा. तुमच्यापेक्षा ती मराठी त्यांना चांगली येते, आणि ‘साहस’चा जुना अर्थ बहुधा त्यांना न सांगताच माहीत असेल.